मायच्या लोट्यातलं पाणी

सौंसरच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागलो तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांचा होतो आणि अक्कल त्या मानानं फारच कमी होती. गाव माझं पांढुर्णा. वडील तिथं कापसाच्या अडतीत मुनीम. मला मास्तरकी लागली आणि मी अन् बायको सौंसरला एक खोली भाड्यानं घेऊन राहू लागलो. ऐंशीच्या दशकातली, मधल्या वर्षांतली ही गोष्ट. आजवर मी ती कोणालाच पूर्ण सांगितलेली नाही. बायकोलाही अर्धीच माहीत आहे, आणि ती अर्धीसुद्धा मला बरं वाटेल अशीच सांगितलेली आहे.

शाळेच्या आवारात एक विहीर होती आणि तिच्यावर वाकलेलं मोठं जांभळाचं झाड. पानं, मोहर, पिकलेली जांभळं, सगळं विहिरीत पडायचं आणि तिथंच कुजायचं. पाणी कोऱ्या चहासारखं पिवळट दिसे. चपराशी बिचारा त्यात तुरटी फिरवून पाहायचा. गाळ खाली बसायचा, पण रंग काही पुरता जायचा नाही. गाळ पाण्यात तरंगत असतो, हा रंग पाण्यात विरघळलेला असतो, कुजलेल्या पानांचा अर्कच म्हणा ना. पोरं ते पाणी तोंडात घेत नसत. घरून पिऊन येत आणि दुपारच्या सुट्टीपर्यंत तहान मारून बसत.

कॉलेजात असताना मी एका जुन्या पुस्तकात वाचलं होतं की अशा पाण्यात ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्या सोडून बॅटरीची वीज खेळवली, तर पट्टीचा धातू झिजून पाण्यात उतरतो, त्याचे कापसासारखे पुंजके होतात आणि पानांचा तो विरघळलेला रंग त्या पुंजक्यांना चिकटून पाण्याबाहेर येतो. म्हटलं, करून तर पाहू. बायकोचं एक जर्मनचं पातेलं बुडाशी गळत होतं. आमच्याकडे ॲल्युमिनियमच्या भांड्याला जर्मनचं म्हणतात. ते मी तिला न विचारता कापलं आणि त्यावरून घरात दोन दिवस महाभारत झालं. गॅरेजवाल्याकडून ट्रकची बॅटरी मागून आणली. काचेच्या बरणीत विहिरीचं पाणी, चिमूटभर मीठ, दोन पट्ट्या, दोन तारा. आधी काहीच होईना. मग पट्टीवर बारीक बुडबुडे आले, पाणी दुधाळ झालं, आणि मग काय सांगू बाप्पा, दूध नासावं तसे पिवळे पुंजके वर येऊ लागले. पाऊण तास वीज चालू ठेवली, बरणी निवांत ठेवून दिली आणि फडक्यातून पाणी गाळलं. बरणीपलीकडचं वर्तमानपत्र वाचता येईल असं नितळ पाणी निघालं.

वर्गातल्या पोरांनी टाळ्या पिटल्या. मी नाचायचाच काय तो राहिलो होतो.

तोच प्रयोग मी छिंदवाड्याच्या विज्ञान मेळ्यात नेला आणि दुसरं बक्षीस घेऊन आलो. तिथून माझं डोकं फिरलं. हेडमास्तर मला स्वतःच्या खुर्चीशेजारी बसवू लागले. चहाच्या टपरीवर लोक ‘बिजलीवाले मास्तर’ म्हणून हाक मारत आणि मी ती हाक कान टवकारून ऐकत असे. शेवटी हेडमास्तरांनीच टूम काढली की बाजाराच्या दिवशी बस स्टँडच्या चौकात हा प्रयोग सगळ्या गावासमोर व्हावा. मी वरवर नको नको म्हटलं आणि घरी येऊन पांढरा सदरा इस्त्रीला दिला.

आता मायबद्दल सांगतो. तिचं नाव कोणी घेत नसे, अख्खा चौक तिला माय म्हणे. पन्नाशी ओलांडलेली, एकटी बाई, नवरा कधीचाच गेलेला. बस स्टँडच्या मागच्या गल्लीत तिचं दोन खणांचं घर, पुढं अंगण, अंगणात कडुनिंब आणि कडुनिंबाखाली विहीर. चौकातले व्यापारी दर पाडव्याला पाणपोई उघडत. प्याऊ म्हणत तिला सगळे. प्याऊचे चारही रांजण गेली कित्येक वर्षं मायच्याच विहिरीच्या पाण्यानं भरत आणि ते लोकांच्या ओंजळीत ओतायला रांजणांशी मायच बसे. नागपूरहून आलेले, पांढुर्ण्याला जाणारे, मोहगावचे, सगळे उतरले की आधी तिच्यासमोर ओंजळ धरत. त्या पाण्यात साबणाला फेस येत नसे, म्हणून धुण्याला ते कोणी नेत नसे. पण प्यायला असं गोड की बस सुटायला आली तरी माणूस दुसऱ्यांदा ओंजळ पुढं करी. माझ्या घरीही पिण्याच्या दोन घागरी रोज तिथूनच येत. बाईजवळ दुसरं काही नव्हतं. विहिरीला लोक गोड म्हणत, तेवढीच तिची मालमत्ता होती, आणि त्यावर ती ताठ मानेनं चालत असे.

प्रयोगाच्या आदल्या दिवशी पट्ट्या काढून पाहिल्या तर एक पट्टी मेळ्यातल्या प्रयोगांनी झिजून जाळी झाली होती. घरात आणखी जर्मनचं भांडं कापायची सोय नव्हती, बायको डोळे वटारून बसलेली. पुस्तकात असं होतं की लोखंडानंही हे काम होतं. म्हणून वेल्डिंगवाल्याकडून हातभर लांबीच्या दोन सळया आणल्या. पुस्तकात लिहिलं होतं ते खोटं नव्हतं, लोखंडानं होतंच. पण मी पूर्वी ते कधी करून पाहिलं नव्हतं. आणि नितळ पाण्यावर तर मी कशानंच, एकदाही करून पाहिलं नव्हतं. पोरांना मी घसा ताणून सांगत असे की प्रयोग करताना शेजारी दुसरं भांडं ठेवायचं, ज्यात काही करायचं नाही, म्हणजे फरक कशानं पडला ते कळतं. स्वतःवर वेळ आली तेव्हा बिजलीवाल्या मास्तरांना दुसऱ्या भांड्याची गरज वाटली नाही.

बाजाराला भरपूर माणूस होतं. शाळेच्या विहिरीचं पिवळं पाणी मी एका बरणीत घेतलं, सळया सोडल्या, वीज जोडली आणि तोवर लोकांना समजावून सांगू लागलो. झाडाची पानं पाण्यात पडतात, कुजतात, त्यांचा अर्क पाण्यात उतरतो, तो डोळ्याला दिसो न दिसो, पाणी त्यानं नासतं. वीज त्याला पकडून वर आणते. बोलायला मी वाईट नव्हतोच. बरणीतलं पाणी गढूळ होऊ लागलं तसा लोकांत हुंकार उठला. आता ते खाली बसायला वेळ लागणार होता, आणि तेवढ्यात गर्दीतून कोणीतरी म्हणालं की मास्तर, शाळेचं पाणी घाण हे तं साऱ्यायलेच माहीत आहे, प्याऊचं पाणी पाहा ना, गाव तं तेच पिते.

माय तिथंच उभी होती. ती घरी गेली आणि चिंचेनं लखलखीत घासलेला पितळेचा लोटा काठोकाठ भरून घेऊन आली. लोटा माझ्या हातात देताना तिच्या चेहऱ्यावर जी खुशी होती ती मी विसरलेलो नाही. आपल्या पोरीचे गुण सभेत वाचून दाखवायला द्यावेत तसा तिनं तो दिला.

“माह्या विहिरीचं हाये गुरुजी. पाहून घ्या.”

मी दुसऱ्या बरणीत ते ओतलं. काचेसारखं पाणी. तुलनेला म्हणून तिसऱ्या बरणीत नळाचं पाणी घेतलं आणि आळीपाळीनं दोन्हींत सळया सोडल्या. नळाचं पाणी जरासं मळकट झालं. मायचं पाणी मात्र बघता बघता हिरवट झालं, मग दाट, मग तपकिरी, आणि शेवटी नाल्याला पूर आल्यासारखं. मला हे अपेक्षित नव्हतं. हेडमास्तरांनी सगळ्यांसमोर मला विचारलं की हे काय आहे.

त्या वेळी ‘मला माहीत नाही’ असं म्हणायला पाहिजे होतं. तीन शब्द. ते माझ्या तोंडून निघाले नाहीत. तोंडाला सवय लागली होती ते निघालं.

“ही पाण्यातली लपलेली घाण. पानं कुजून उतरते. डोळ्याला दिसत नाही, विजेनं दिसते.”

लोकांनी बरणीकडे पाहिलं, मग मायकडे पाहिलं. मायनं तिचा लोटा परत मागितला नाही. तो टेबलावरच राहिला आणि संध्याकाळी चपराशानं तिच्या घरी नेऊन दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत सळया पुसायला घेतल्या तर त्यातली एक जागोजाग खाल्लेली दिसली, उंदरानं कुरतडल्यासारखी. माझा हात तिथंच थांबला. गॅरेजवाल्याकडे बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी मिळतं, ज्यात काही म्हणजे काहीच नसतं. ते मी मागून आणलं. दोन बरण्या भरल्या, दोन्हींत सारखंच मीठ टाकलं, एकीत सळया सोडून वीज जोडली आणि दुसरी तशीच ठेवली. पहिला तास संपायच्या आत सळयांची बरणी हिरवी झाली, मग तपकिरी झाली. दुसरी होती तशीच नितळ. ती सगळी घाण माझ्या सळईची होती, लोखंडाचा गंज. पाण्याचा त्यात काही दोष नव्हता. आणि मायचं पाणी नळाच्या पाण्याहून जास्त का काळवंडलं, तेही तिथंच उभ्या उभ्या कळलं. तिच्या पाण्यात जमिनीतले क्षार भरपूर होते. त्यांच्यामुळेच त्याला गोडी होती, साबणाला फेस येत नव्हता आणि त्यांच्यामुळेच त्यातून वीज जोरात धावली आणि सळई जास्त झिजली. म्हणजे गावातलं सगळ्यात चांगलं पाणी मी गावातलं सगळ्यात घाण पाणी म्हणून दाखवलं होतं.

हे मला प्रयोगाच्या दुसऱ्या दिवशी, दुपारच्या घंटेच्या आत कळलं होतं. ही वेळ मी मुद्दाम लिहून ठेवतो.

त्याच दिवशी चौकात जाऊन सांगायचं होतं. मी बरण्या धुतल्या, सळया कपाटाच्या मागं टाकल्या आणि वर्गावर गेलो. मनाशी म्हटलं, दोन-चार दिवसांत लोक विसरतील. मग म्हटलं, हेडमास्तरांनी जिल्ह्याच्या साहेबांना प्रयोग बघायला बोलावलंय, ते येऊन जाऊ देत, मग सांगू. साहेब काही आलेच नाहीत. तरी मी मूग गिळून बसलो. कारण सांगू? भीती. लोक हसतील ही भीती. बिजलीवाला मास्तर गंजाला घाण म्हणाला, असं टपरीवर म्हणतील ही भीती. एवढ्याशा भीतीसाठी माणूस काय काय करतो.

घरी बायकोनं मायच्या विहिरीवर जाणं बंद केलं. नळाची घागर आणू लागली. म्हणाली, इतके दिवस आपण ते पीत होतो, नुसतं आठवलं तरी कसंतरी होतं. मी समोर बसून जेवत होतो. एका वाक्यात तिला सांगता आलं असतं. मी म्हटलं, आमटीत मीठ कमी आहे.

पाडव्याला प्याऊ उघडली. व्यापाऱ्यांनी बैठकीत ठरवलं की यंदा रांजणात नळाचं पाणी भरायचं. मायला त्यांनी कोणी वाईट बोललं नाही, तसे लोक वाईट नव्हते. उलट म्हणाले की बसायला तू ये, पाणी तेवढं आमचं. माय म्हणाली की दुसऱ्याचं पाणी मी काय म्हणून वाढू, आणि ती गेलीच नाही. तिच्या जागी दुसरी बाई बसली. मी बसमधून उतरलो की मान खाली घालून प्याऊच्या पलीकडून जात असे.

पण खरं लागलं ते त्याच्या आधी, शिमग्याच्या सुमाराला. एक दिवस शाळेत जाताना मायच्या गल्लीतून कुऱ्हाडीचा आवाज आला. डोकावून पाहिलं तर दोन माणसं कडुनिंब तोडून राहिले होते. अर्धं झाड अंगणात पडलेलं. मी भर चौकात सांगितलं होतं ना, पानं पडतात आणि कुजतात म्हणून. तिनं ते नीट ऐकलं होतं. सभेला आलेल्यांत माझं बोलणं कोणी मनावर घेतलं असेल तर तिनं एकटीनंच. मी त्या वेळी दारातून आत जाऊन ‘थांबा’ म्हणालो असतो तर अर्धं झाड उरलं असतं, आणि अर्ध्या झाडाला फुटवे येतात. मला शाळेला उशीर होत होता. म्हणजे होत नव्हता, पण मी तसं ठरवलं आणि चालता झालो.

त्यानंतर तिनं विहीर उपसून घेतली. तळापर्यंत गाळ काढला, पाणी निर्जंतुक करायची लाल दवाई टाकली, वर बांबूची ताटी करून घातली. आणि एका शनिवारी शाळा सुटताना तोच पितळी लोटा भरून ती माझ्या वर्गाच्या दारात येऊन उभी राहिली.

“आता पाहा ना गुरुजी. झाड तोडलं, विहीर उपसली. आता तं काहीच पडत नाही तिच्यात.”

माझ्या टेबलाच्या खणात जर्मनच्या नव्या पट्ट्या होत्या, तोवर मी दुसरं पातेलं कापलं होतं. त्या पट्ट्या तिच्या पाण्यात सोडल्या असत्या तर तपकिरी रंगाचा थेंबही दिसला नसता. पांढरे पुंजके येऊन खाली बसले असते आणि पाणी होतं तसं नितळ राहिलं असतं. म्हणजे माझी चूक कबूल न करतासुद्धा मला तिला वाचवता आलं असतं. झाड तोडल्यानं पाणी सुधारलं, असं सगळ्यांना दाखवता आलं असतं. तेही मी केलं नाही. कोणीतरी विचारलं असतं की मागच्या वेळी सळया होत्या, आज पट्ट्या का. मी तिला सांगितलं की बॅटरी उतरलेली आहे, पुढं कधीतरी पाहू. बॅटरी माझ्या पायाशी होती.

ती बरं म्हणाली. आणलेलं पाणी तिनं वर्गाबाहेरच्या तुळशीला घातलं आणि रिकामा लोटा घेऊन गेली. नंतर आणखी दोनदा आली. दोन्ही वेळा मी आतल्या खोलीत बसून राहिलो आणि चपराशाकरवी सर बाहेर गेलेत म्हणून निरोप दिला.

तो अख्खा उन्हाळा असा गेला. मायच्या अंगणात सावली नव्हती आणि तिच्या विहिरीवर घागर नव्हती. शेजारच्या दोन घरांनी तेवढं पाणी नेणं सोडलं नव्हतं, तेही गुरांसाठी. मी रोज ठरवायचो की उद्या सांगतो. रोज. नुसतं ठरवल्यानंही जरा बरं वाटतं आणि तेवढ्यावर माणसाचा दिवस निघतो, हे मला त्या उन्हाळ्यात कळलं.

पाऊस सुरू झाल्यावर माझी बदली झाली. पांढुर्ण्याला, माझ्याच गावाला. कागद हातात आला आणि मला एकदम हिंमत आली. गाव सोडून जाणाऱ्याला आलेल्या हिंमतीला काय किंमत, पण आली खरी. सामान बांधून झालं होतं. मी एकटाच दुपारी मायकडे गेलो.

ती अंगणात, कापलेल्या कडुनिंबाच्या खोडावर बसून तूर निवडत होती. मला पाहून उठू लागली. मी म्हटलं, बसा. उभ्यानंच सगळं सांगितलं. सळईचा गंज कसा, घाण कोणाची, तिचं पाणी काळं का झालं आणि नळाचं का नाही. शब्द सोपे करून सांगितलं, पण तिला पहिल्या दोन वाक्यांतच कळलं होतं. तिचे हात सुपात थांबले होते. मी बोलायचा थांबलो. ती खोडावरून हात फिरवत राहिली. मी मनातून तयार होतो. शिव्या दे, हाकलून दे, सूप फेकून मार. खरं सांगतो, ती तसं करती तर मी तिचा आयुष्यभर ऋणी राहिलो असतो.

तिनं एकच गोष्ट विचारली.

“तुमाले हे कधी समजलं?”

साधा प्रश्न होता. उत्तर मला घंटेसकट माहीत होतं. पाच महिने मी तेच एक उत्तर उराशी घेऊन फिरत होतो. आणि मी, जो सगळं खरं सांगायला म्हणून घरून निघालो होतो, ज्याची दुसऱ्या दिवशीची बस होती, ज्याला आता त्या गावात कोणाचीही भीती उरलेली नव्हती, तो मी म्हणालो, “परवा.”

का म्हणालो? मला आजही सांगता येत नाही. समोर ते खोड होतं. दुपारच्या घंटेच्या आत कळलं होतं असं म्हटलं असतं, तर हे झाड उभं असताना कळलं होतं असंच म्हणावं लागलं असतं. तेवढं तोंडातून निघालं नाही.

मायचा चेहरा मोकळा झाला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण रागाचं नव्हे.

“परवा समजलं अन् आज आले,” ती म्हणाली. “लोक तं लपवून ठेवतात गुरुजी. तुमी दोन दिवसही नाही ठेवलं.”

मग ती उठली, ताटी बाजूला करून डोल सोडला आणि ताजं पाणी काढलं. तोच पितळी लोटा. मी ओंजळ धरली आणि तिनं वरून ओतलं, प्याऊवर ओतायची तसंच, एक थेंब न सांडता. पाणी गोड होतं. मी दुसऱ्यांदा ओंजळ पुढं करू शकलो नाही. ती म्हणाली, लोकांना मीच सांगीन, तुम्ही कशाला आणखी खाली पाहता. मी तेही तिच्यावर सोडलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं पांढुर्ण्याला आलो. बायकोला बसमध्ये सांगितलं की पाण्यात खोट नव्हती, सळईत होती, परवाच लक्षात आलं, मायला सांगून आलो. ती म्हणाली, बरं केलं.

दोनेक वर्षांनी आमच्या पांढुर्ण्याच्या शाळेत एक तरुण शिक्षक नेमणुकीवर आला. सौंसरचा होता. पहिल्याच आठवड्यात प्रार्थनेच्या वेळी त्याला पोरांसमोर दोन शब्द बोलायला सांगितलं, आणि त्यानं माझ्याकडे हात करून बोलायला सुरुवात केली. म्हणाला, आमच्या गावच्या प्याऊवर एक माय बसते. येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी देता देता ती एक गोष्ट सांगते. एक मास्तर होता. त्याच्या हातून चूक झाली, माझ्या विहिरीचं नाव गेलं. पण चूक कळली तसा तो दोन दिवसांत स्वतःच्या पायानं माझ्या दारात आला आणि हात जोडून कबूल झाला. त्याच्या खरेपणावर लोकांनी विश्वास ठेवला, म्हणून माझं पाणी पुन्हा रांजणात आलं. शिक्षक म्हणाला, मुलांनो, ते मास्तर हे आहेत. चूक कळल्यावर एक दिवसही दडवू नये, हे यांच्याकडून शिका.

चारशे पोरांनी टाळ्या वाजवल्या. मला पुढं बोलावलं. माझ्या तोंडात ते वाक्य तयार होतं: मला ते दुसऱ्याच दिवशी कळलं होतं, पाच महिने मी ते दडवलं आणि त्यात एक झाड गेलं. पण एक गोष्ट एकदम समोर आली. तिचं पाणी आता माझ्या खरेपणावर चालून राहिलं होतं. मी खोटा ठरलो, तर लोक उद्या पुन्हा रांजणाकडे संशयानं पाहतील. हे कारण खरं होतं की मला सोयीचं होतं, ते मी अजून ठरवू शकलेलो नाही. मी हात जोडले आणि जागेवर येऊन बसलो.

प्रार्थना संपल्यावर मी त्या शिक्षकाला मायची तब्येत विचारली. म्हणाला, ठीक आहे सर, गुडघे दुखतात, पण प्याऊ सोडत नाही. उन्हाचा फार त्रास होतो तिला. घरी सावलीच नाही ना. दर वेळी म्हणते, गुरुजींनी एकदा पाणी प्यायला येऊन जावं.

पांढुर्ण्याहून सौंसर काही लांब नाही. सकाळी निघून जेवायच्या वेळेला परत येता येतं. मी गेलो नाही.